न्यायासनाची कैफियत

एखाद्या निर्घृण गुन्ह्याची वार्ता प्रसिद्ध व्हावी, संशयित इसम नुकताच कोठे पोलिसांच्या स्वाधीन झालेला असावा, पंचनाम्याची शाई अद्याप वाळलेली नसावी, आणि तेवढ्यात त्याला कोणते शासन व्हावे याविषयी सभांतून, चौकांतून आणि आता हातोहाती फिरणाऱ्या भ्रमणध्वनींतून एकापेक्षा एक भयंकर सूचनांची चढाओढ लागावी, हा आपल्या सार्वजनिक जीवनातला जवळजवळ नित्याचा क्रम होऊन बसला आहे; आणि या चढाओढीत कोणी ना कोणी वक्ता उठून, आपल्या महाकाव्यांनी पाप्यांची कशी गत केली ते पाहा, तेथे दयामाया नव्हती म्हणूनच तेथे धर्म होता, असा दाखला दिल्यावाचून राहत नाही. वक्त्याच्या संतापाविषयी मला काही म्हणावयाचे नाही. तो पुष्कळदा अगदी रास्त असतो. परंतु ज्या साक्षीदाराला तो पुकारतो तो त्याच्या बाजूचा नाही, एवढे मात्र त्या साक्षीदाराशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांनी सांगितले पाहिजे. महाकाव्यांत पाप आहे, दंड आहे, यातनांची वर्णनेही मुबलक आहेत. पण त्यांतील जी खरोखर श्रेष्ठ आहेत त्यांनी आरोपीची कैफियत नोंदवून घेतली आहे, आणि एका काव्याने तर त्याही पुढे जाऊन खुद्द न्यायासनालाच कैफियत द्यावयास लावले आहे.

नुसत्या याद्या हव्या असतील तर त्या गरुडपुराणात आहेत. कोणत्या पातकाला कोणता नरक, तेथे तेल किती तापलेले आणि किडे कोणत्या जातीचे, याची मोजदाद तेथे एखाद्या काटेकोर कारकुनाने करावी तशी केलेली आहे, आणि घरात सुतक असताना ती ऐकणाऱ्या माणसाच्या मनावर तिचा व्हावा तो परिणाम होतोही. महाकाव्याची जात निराळी. त्याला केवळ अपराधाचे कलम लावून भागत नाही. अपराधी कोण, तो त्या अपराधापर्यंत कसा आला, त्याला शिक्षा देणाराचा अधिकार कोणता, आणि ती शिक्षा पाहणाऱ्याच्या अंतःकरणात काय घडले, हे सारे त्याला कथेच्या ओघात दाखवावे लागते, आणि ते दाखवू लागले की दंडाची सरळ रेषा वाकू लागते.

युरोपीय महाकाव्याचे मूळपीठ जो होमर, त्याच्या 'ओडिसी'च्या आरंभीच देवाधिदेव झ्यूस देवसभेत अशी तक्रार मांडतो की मनुष्ये आपल्या दुःखाचा ठपका देवांवर ठेवतात, वस्तुतः दैवाने नेमून दिलेल्याहून अधिक दुःख ती आपल्याच उन्मत्तपणाने ओढवून घेतात. आणि उदाहरण देतो ते एजिस्थसचे, ज्याला दूत पाठवून आगाऊ ताकीद दिली असताही त्याने ॲगमेम्नॉनचा घात केला व त्याची पत्नी बळकावली. ताकीद आधी आणि शासन नंतर, हा क्रम येथे पाळलेला आहे. पण त्याच काव्याच्या अकराव्या सर्गात ओडिसिअसला मृतांच्या लोकात जे दिसते ते चमत्कारिक आहे. पाणी ओठांशी येऊन ओसरणारा तहानलेला टँटॅलस आणि शिळा शिखरापर्यंत ढकलीत नेऊन ती पुन्हा गडगडत खाली आलेली पाहणारा सिसिफस यांच्या यातना होमर तपशीलवार वर्णितो, पण त्यांचा अपराध कोणता ते सांगतच नाही. गिधाडांच्या चोचींखाली पडलेल्या टिटिअसचा तेवढा गुन्हा सांगितला आहे. अपराध श्रोत्यांना ठाऊकच असणार, असे याचे एक समाधान देता येते. तरीही गुन्हा गाळून नुसती शिक्षा पाहिली म्हणजे सिसिफसविषयी आपल्या मनात तिरस्कार उभा राहत नाही, त्याच्या जागी दुसरेच काही उभे राहते, हा अनुभव प्रत्येक वाचकाचा आहे.

व्हर्जिलचे प्रकरण अधिक शिस्तीचे. तो रोमचा कवी, साम्राज्याचा आणि कायद्याचा कवी. इसवी सनापूर्वी १९ या वर्षी तो वारला तेव्हा 'इनीड'वरचे त्याचे संस्कार पुरे झालेले नव्हते आणि ते काव्य जाळून टाकावे अशी त्याची इच्छा होती, असे परंपरा सांगते. त्या काव्याच्या सहाव्या सर्गात नायक ईनिअस पाताळात उतरतो, तेव्हा टार्टरस या यातनास्थळाच्या तटाआडून फटक्यांचे आणि साखळदंडांचे आवाज त्याला ऐकू येतात, परंतु निष्पाप माणसाने तो उंबरठा ओलांडू नये असा नियम असल्यामुळे आतले वर्तमान त्याला सिबिल या देवर्षिणीच्या तोंडूनच कळते. भावाचा द्वेष करणारे, जन्मदात्यावर हात उगारणारे, आश्रितांना फसविणारे, मिळालेल्या संपत्तीवर एकटेच वेटोळे घालून बसणारे, सोन्यासाठी स्वदेश विकणारे, आणि पैसे घेऊन कायदे करणारे व पैसे घेऊन ते मोडणारे, अशी ती मंडळी आहेत. यातील शेवटचे कलम वाचताना आजच्या वाचकाला कवीच्या दोन हजार वर्षांच्या जुनेपणाचा विसर पडला तर त्यात नवल नाही.

पण माझे लक्ष नेहमी वेधले जाते ते टार्टरसच्या अलीकडे, नदी ओलांडताच लागणाऱ्या अंधुक प्रदेशाकडे. तेथे आईच्या दुधापासून तुटलेली अर्भके रडत असतात, आणि त्यांच्या शेजारीच, खोट्या आरोपावरून ज्यांना देहदंड झाला असे लोक असतात. त्यांच्यासाठी पाताळातला न्यायाधीश मायनॉस नव्याने इजलास भरवतो व त्यांच्या आयुष्याची फेरचौकशी करतो. रोमच्या राजकवीला पाताळात अशा लोकांसाठी स्वतंत्र जागा राखून ठेवावीशी वाटली, यावरून पृथ्वीवरच्या न्यायसभांविषयी त्याचे मत काय असावे ते समजते. त्याच प्रदेशात ईनिअसला डिडो भेटते, जिला टाकून तो निघून गेला आणि जिने म्हणून आत्महत्या केली. तो रडतो, देवांचा हुकूम होता म्हणून सांगतो. ती एक शब्दही न बोलता पाठ फिरवते. काव्याच्या नायकाची कैफियत येथे अशी फेटाळली गेली आहे.

आणि मग दान्ते. पापपुण्याच्या हिशेबाचे एवढे अवाढव्य आणि तरीही एवढे नेटके दफ्तर दुसऱ्या कोणत्याही कवीने बांधलेले नाही. शंभर सर्गांचे ते काव्य. नरकाची नऊ वर्तुळे, शोधनगिरीच्या सात पायऱ्या, स्वर्गाची नऊ मंडळे. आणि प्रत्येक अपराधाला त्याच अपराधाच्या आकाराची शिक्षा, म्हणजे पित्याला पुत्रापासून तोडणाऱ्या बेर्ट्रां द बोर्नचे मस्तक धडापासून तुटलेले आणि ते त्याच्याच हातात कंदिलासारखे लोंबते. ज्यांना दान्ते म्हणजे कठोरपणाचा शाहीर वाटतो त्यांना असे पुरावे पानोपानी सापडतील. परंतु हा कवी स्वतः शिक्षा झालेला इसम होता, हे विसरून त्याचे काव्य वाचता येत नाही. १३०० साली फ्लॉरेन्सच्या प्रमुख अधिकाऱ्यांत त्याची निवड झाली. पुढे सत्तेवरचा पक्ष पालटला, आणि जानेवारी १३०२ मध्ये अधिकारावर असताना लाचलुचपत केल्याच्या आरोपावरून त्याला दंड, दोन वर्षांची हद्दपारी आणि सरकारी अधिकारपदांची कायमची बंदी फर्मावण्यात आली. तो हजर झाला नाही, दंडही भरला नाही. तेव्हा मार्च महिन्यात दुसरा हुकूम निघाला की सापडल्यास त्याला जिवंत जाळावे. १३२१ साली रॅव्हेना येथे मरण येईपर्यंत त्याने पुन्हा आपले शहर पाहिले नाही. (२००८ साली फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने ठराव करून ही शिक्षा रद्द केली, आणि त्या ठरावालाही विरोधी मते पडली. सातशे वर्षांनीही एकमत होऊ नये, हे मला त्या शहराला शोभण्यासारखेच वाटते.)

आता ही हकिकत मनाशी ठेवून नरकखंडाचे एकविसावे व बाविसावे सर्ग वाचावेत. तेथे उकळत्या डांबरात लाचखाऊ अंमलदार बुडविलेले आहेत, आणि डोके वर काढणाऱ्याला आकड्यांनी पुन्हा आत ढकलणारे सैतान काठावर पहारा करीत आहेत. व्हर्जिल, जो या प्रवासात दान्तेचा वाटाड्या आहे, सैतानांशी बोलणी करावयास पुढे होतो आणि दान्तेला एका खडकाआड दडून बसावयास सांगतो. ज्याच्यावर हाच गुन्हा शाबीत झाल्याचे त्याच्या शहराच्या दफ्तरी नमूद आहे तो मनुष्य त्या डांबराच्या काठाशी अंग चोरून बसलेला आहे. आणि या प्रसंगावर कवीने करुणा ओतली नाही, क्रोधही ओतला नाही, तर तो जवळजवळ तमाशाच्या ढंगाने, धसमुसळ्या विनोदाने रंगविला आहे. आपल्या बचावाचे भाषण करण्याची एवढी उत्तम संधी कोणत्या कवीने वाया घालवली असती? दान्तेने घालवली, आणि त्यातच त्याचा बचाव झाला.

त्याच्या कठोरपणाची दुसरी बाजू अशी की ज्यांच्यावर त्याचा जीव होता त्यांनाही त्याने सोडलेले नाही. ब्रुनेट्टो लातिनी हा त्याचा वडीलधारा, गुरुस्थानी असलेला विद्वान. पंधराव्या सर्गात अग्निवर्षावाखाली भाजलेला त्याचा चेहरा ओळखू येतो तेव्हा दान्तेला प्रथम विस्मयच वाटतो, आणि मग तो त्याच्याशी मान लववून, शिष्याच्या अदबीने बोलत चालतो. फ्रांचेस्का आणि तिचा प्रियकर पाओलो यांची कहाणी ऐकताना तर तो मूर्च्छित होऊन पडतो. पण नरकातल्या ज्या वावटळीत ती भिरभिरते आहे तिच्यातून फ्रांचेस्काला बाहेर काढले जात नाही. पुढे विसाव्या सर्गात, मान उलटी फिरवलेल्या ज्योतिष्यांना पाहून दान्ते रडू लागतो तेव्हा व्हर्जिल त्याला झिडकारतो: येथे दया मेलेली असेल तरच ती जिवंत म्हणावयाची, अशा आशयाचे ते बोल आहेत. कायदा एका बाजूला आणि करुणा दुसऱ्या बाजूला, अशी ओढाताण या काव्यात अखेरपर्यंत चालते. तीत कायदा हरत नाही, पण करुणाही गप्प बसत नाही, आणि ज्या कवीला ती गप्प बसवावयाची असती त्याला स्वतःलाच आपल्या काव्यात पात्र म्हणून घालण्याचे काय कारण होते? नुसते शासनच दाखवावयाचे असते तर साक्षीला रडणारा मनुष्य लागत नाही.

या ओढाताणीचा कळस स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गात आहे, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे. दान्तेच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहिलेली शंका तेथे बोलून दाखविली जाते: सिंधू नदीच्या तीरावर एखादा मनुष्य जन्मला, जेथे ख्रिस्ताविषयी सांगणारा, वाचणारा, लिहिणारा कोणीही नाही, त्याच्या सर्व इच्छा आणि कृती मानवी बुद्धीला दिसतात तितपत निर्मळ आहेत, तो बाप्तिस्म्यावाचून मेला, तर त्याला दोषी ठरविणारा न्याय कोठला? ही शंका चौदाव्या शतकातल्या एका निष्ठावंत ख्रिस्ती कवीने विचारावी, आणि तीही स्वर्गात उभे राहून विचारावी, यासाठी मी त्याचे पुष्कळ अपराध क्षमा करावयास तयार आहे. न्यायी आत्म्यांचा मिळून झालेला, न्यायाचे प्रतीक असलेला गरुड जे उत्तर देतो ते मात्र मला पटलेले नाही. वीतभर दृष्टीच्या माणसाने हजार कोसांवरच्या गोष्टींचा निवाडा करावयास न्यायासनावर बसू नये, असा त्याचा इत्यर्थ आहे. हे उत्तर नव्हे; हा फिर्याद दाखल करून घेण्यास दिलेला नकार आहे. परंतु दान्ते येथे थांबत नाही. पुढच्याच सर्गात त्या गरुडाच्या भुवईत, ख्रिस्तपूर्व काळातल्या रिफिअस नावाच्या एका ट्रोजन योद्ध्याला तो बसवितो, ज्याचा उल्लेख व्हर्जिलच्या काव्यात न्यायनिष्ठ म्हणून ओझरता आलेला आहे, एवढीच त्याची पात्रता. गरुडाने जे तोंडाने नाकारले ते कवीने एका नेमणुकीने मान्य केले. मात्र ज्या व्हर्जिलच्या काव्यातून हा रिफिअस उचलला तो व्हर्जिल स्वतः स्वर्गाबाहेरच राहिला. दान्तेच्या काव्यातील सर्वांत मोठा अन्याय हाच, आणि तो कवीला माहीत असावा असा मला दाट संशय आहे.

सिंधुतीरावरच्या त्या मनुष्याला ख्रिस्ताची कथा सांगणारा कोणी तरी या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर खरोखरच आला, आणि त्याने ती सांगितली ती मराठी ओवीत, ही गोष्ट मराठी वाचकाने येथे आठवावी. १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे छापून निघाले. आदिमानवाचे पहिले पाप आणि त्यापासून उद्धार हा त्याचा विषय, ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात, आणि त्याच विषयावर पुढे इंग्रजीत महाकाव्य लिहिणारा मिल्टन तेव्हा आठ वर्षांचाही झालेला नव्हता. ज्यांची जुनी पुराणे बंदीहुकुमाने काढून घेतली होती त्या नवख्रिस्ती लोकांच्या कानाला परिचित लय लाभावी, हा त्यातला हेतू उघड आहे. पाप एकाचे आणि दंड साऱ्या वंशाला, हा सिद्धान्त ज्याने त्याने आपले कर्म भोगावे असे मानणाऱ्या श्रोत्यांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते, आणि ते काम स्टीफन्सने दटावणीने न करता रसाळ कथनाने केले. त्याच भूमीवर १५६० पासून धर्मन्यायासन बसलेले होते, जेथे आरोपीला त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याचे नावही कळू दिले जात नसे. पापाविषयी एकच शास्त्र मानणाऱ्या या दोन संस्था, एक काव्य आणि एक कचेरी. पहिलीला श्रोता लागत होता, दुसरीला फक्त कबुलीजबाब.

आता ज्या काव्याने न्यायासनालाच उभे केले असे मी आरंभी म्हटले, त्याकडे येतो. महाभारताच्या आदिपर्वात, विदुराच्या जन्माचे कारण सांगताना, मांडव्य ऋषींची कथा आली आहे. मौनव्रत घेऊन हा तपस्वी आश्रमाच्या दाराशी हात उंचावून उभा असताना चोर आले, चोरीचा माल त्यांनी आश्रमात दडविला आणि तेही तेथेच लपले. मागावरच्या राजरक्षकांनी चौकशी केली. ऋषी बोलला नाही. झडतीत चोर सापडले, मुद्देमाल सापडला, आणि राजाने चोरांबरोबर त्यालाही सुळावर देण्याचा हुकूम सोडला. परिस्थितीजन्य पुरावा पूर्ण होता आणि आरोपीने बचाव दिला नव्हता. आजच्याही एखाद्या न्यायालयात या खटल्याचा निकाल वेगळा लागला असता अशी मला खात्री नाही. ऋषी सुळावर मेला नाही. सत्य कळल्यावर राजाने पाय धरले, सूळ काढू पाहिला, तो निघेना, तेव्हा तो बुडाशी कापला. आणि देहात राहिलेले ते टोक घेऊन मांडव्य हिंडू लागला, म्हणून त्याला अणिमांडव्य म्हणतात. राजाला त्याने क्षमा केली. राजाची चूक तपासातली होती.

क्षमा केली नाही ती धर्माला. सूळ अंगात घेऊन तो धर्मराजाच्या सभेत गेला आणि त्याने विचारले की माझ्या कोणत्या कर्माचे हे फळ, ते मला दाखव. धर्माने दफ्तर पाहून सांगितले की तू लहानपणी पाखरांच्या पुच्छात गवताची काडी खुपसली होतीस. अपराध आणि दंड यांचा आकार येथेही जुळतो, काडीला काडी, दान्तेला पसंत पडावा असा हिशेब आहे. मांडव्याला तो पसंत पडला नाही. अल्प अपराधाला तू प्रचंड दंड दिलास, असे म्हणून त्याने धर्मालाच शाप दिला की तू मनुष्ययोनीत जन्म घेशील, आणि त्याच आवेशात एक मर्यादाही घालून दिली: चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही. म्हणजे ज्याच्या हाती विश्वाचा न्याय, त्याच्यावर प्रमाणभंगाचा आरोप, आरोप शाबीत, शिक्षेची अंमलबजावणी, आणि शिवाय पुढच्यांसाठी कायद्यात दुरुस्ती. होमरचा झ्यूस देवांवरचा ठपका झटकून टाकतो, दान्तेचा गरुड प्रश्नकर्त्याला गप्प करतो. व्यासांचा धर्म शाप मुकाट्याने स्वीकारतो आणि विदुर होऊन जन्मतो. माझ्या मते पाप आणि दंड यांविषयी कोणत्याही महाकाव्याने केलेला सर्वांत निर्भय विचार तो हा.

मात्र या निर्भयपणाला जी मेख आहे ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्माला दिलेली शिक्षा कोणती, तर शूद्रयोनीत जन्म. न्यायाधीशाला जाब विचारणारा कवी, एका समूहाचा जन्म हीच शिक्षा होय हे गृहीत धरून चालतो, आणि त्याला त्यात काही विचारण्याजोगे दिसत नाही. रामायणाच्या उत्तरकांडातल्या शंबूकाला तर कैफियत देण्याची संधीही मिळत नाही, तो आपली जात सांगतो आणि तलवार चालते. वालीला निदान बोलू दिले आहे. आडून मारलेल्या बाणाने विव्हळत असतानाही, मी तुझ्या राज्यात कोणता अपराध केला, असे तो रामाला विस्ताराने विचारतो, आणि रामाने दिलेली उत्तरे पुरी पडतात की नाही याचा वाद आपल्याकडे आजतागायत चालू आहे. कवीने वालीचे भाषण कापले असते तर हा वाद उत्पन्नच झाला नसता. शंबूकाच्या बाबतीत तसे झाले, आणि त्याची कैफियत पुढच्या शतकांतल्या लोकांना त्याच्या वतीने मांडावी लागली. व्यासांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की धर्माला ज्या योनीत त्यांनी ढकलले तिच्यातूनच त्यांनी कौरवसभेतला एकमेव निःस्पृह मनुष्य उभा केला, ज्याचे ऐकले असते तर युद्ध टळले असते.

या काव्याचा शेवटही आरंभाशी इमान राखून आहे. हिमालयाच्या वाटेवर एकेक जण कोसळतो तेव्हा युधिष्ठिर प्रत्येकाचे कारण सांगतो, आणि ती कारणे ऐकून आपण चकित होतो: द्रौपदीचा अर्जुनाकडे अधिक ओढा, सहदेवाला बुद्धीचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाची बढाई, भीमाची खादाडी. ज्यांनी अठरा अक्षौहिणींच्या संहारात भाग घेतला त्यांच्या खाती लावलेली ही बाकी! आणि बाकी लावणारा कोण, तर ज्याने बायको पणाला लावली तो. पुढे स्वर्गात दुर्योधन आसनावर बसलेला आणि भाऊ नरकात, हे दृश्य त्याला पाहावे लागते. त्याच्या उपस्थितीने यातना थोड्या शमतात असे नरकातल्या आवाजांनी सांगताच तो देवदूताला परत धाडतो आणि तेथेच राहण्याचे ठरवितो, देवांना आणि धर्मालाही दूषण देऊन. मग उलगडा होतो की द्रोणाला कपटाने फसविलेस म्हणून कपटानेच तुला नरक दाखविला. हा उलगडा मला नेहमीच गौण वाटत आला आहे. महत्त्वाची गोष्ट ही की त्याच्या निषेधानंतर न्यायासन आपण होऊन त्याच्यासमोर आले, आणि आलेल्यांत पुन्हा तोच धर्म होता, जो एकदा मांडव्यासमोर उत्तर देऊन बसला होता.

यावर असा आक्षेप येईल की आरोपीची कैफियत ऐकता ऐकता ज्याचा घात झाला त्याचे काय. प्रश्न योग्य आहे, आणि महाकाव्यांनी तो टाळलेला नाही. झोपेत असलेल्या आपल्या पाच पुत्रांची अश्वत्थाम्याने हत्या केली तेव्हा द्रौपदी, त्याला शासन झाल्याशिवाय अन्न घेणार नाही म्हणून प्राणांतिक उपोषणास बसते. तिचा क्रोध व्यासांनी यत्किंचितही सौम्य केलेला नाही. भागवतात तीच द्रौपदी, मी रडते तशी याची आई रडू नये, म्हणून त्याला सोडावयास सांगते. दोन्ही द्रौपदी खऱ्या आहेत. शेवटी त्याचा मणी काढून घेतला जातो, आणि गर्भावर अस्त्र सोडल्याबद्दल कृष्ण त्याला तीन हजार वर्षे एकाकी, वाहत्या जखमांनिशी भटकण्याचा शाप देतो. या शापाचे आपल्या लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. कपाळाच्या जखमेला तेल मागत तो सातपुड्यात आणि नर्मदेच्या काठी हिंडतो असे खानदेशात सांगतात, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर दिवाळीच्या सुमारास हजारो आदिवासी यात्रेकरू त्याच्याच दर्शनाला चढून जातात. बालहत्येचा हा अपराधी. पण शिक्षा संपत नाही असे दिसल्यावर लोकांनी त्याच्यासाठी तेल काढून ठेवले.

तेव्हा ज्यांना महाकाव्यांचा हवाला देऊन बोलावयाचे आहे त्यांनी तो पुरता द्यावा. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाला गुन्ह्याच्या जबाबदारीतून पूर्ण मुक्त केले, सात ते बारा या वयात समजुतीची चौकशी ठेवली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्यायसंहितेने तीच मर्यादा कायम राखली. मांडव्याने चौदा म्हटले होते. २०१५ च्या बालन्याय कायद्याने, निर्घृण गुन्ह्यांच्या बाबतीत सोळा ते अठरा या वयाच्या मुलांवर प्राथमिक चौकशीअंती प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली, आणि ही वयाची अट आणखी खाली आणावी अशी मागणी प्रत्येक भयंकर घटनेनंतर नव्याने होते. मागणी करणाऱ्यांची बाजू असेल, ती त्यांनी मांडावी, पण तिच्यासाठी व्यासांना ओढू नये.

आणि सुळाचे टोक अंगात घेऊन हिंडणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. देशातल्या तुरुंगांत असलेल्या माणसांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांचे खटले अद्याप चालू आहेत. त्यांतले काही पाच, दहा, क्वचित त्याहून अधिक वर्षांनी निर्दोष म्हणून बाहेर पडतात, आणि नोकरी, घर, लग्नाचे वय, आईबाप यांपैकी काय उरले आहे याचा शोध घेत फिरतात. विनाकारण अटक करविणाऱ्याकडून जास्तीत जास्त एक हजार रुपये भरपाई देवविण्याची तरतूद आपल्या फौजदारी प्रक्रियेत आहे. चुकीच्या खटल्यात भरडल्या गेलेल्यांना भरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदेशीर हक्क असावा, अशी शिफारस विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली. मांडव्याला निदान धर्माची सभा कोठे भरते ते ठाऊक होते आणि तेथे त्याला कोणी दारात अडविले नाही. या लोकांनी जाब विचारावयास कोणत्या कचेरीत जावे ते ठरविणारा कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.